निसर्ग वादळानंतर पोफळी लावताना

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावरून आत शिरलं आणि दुपारच्या काही तासांत नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. आमच्या वीस गुंठ्यांतले बहुतेक माड, कडेचे आंबे आणि निम्म्याहून जास्त पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, पडल्या. उभ्या राहिलेल्या पोफळींकडे बघून वाटलं, चला, एवढ्या तरी वाचल्या. पुढच्या दोन उन्हाळ्यांत त्यांतल्याही बऱ्याच गेल्या. त्या वाऱ्याने गेल्या नाहीत, उन्हाने गेल्या.

नवी लागवड करताना सगळं यावरूनच ठरवावं लागलं. पोफळ दमट सदाहरित जंगलातल्या मोठ्या झाडांखाली वाढलेल्या कुळातली. मलाय बेटांकडून ती इकडे आली, असं वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. बारमाही ओल, कोवळ्या वयात डोक्यावर सावली आणि मुळाशी न साचणारं पाणी एवढ्यावर ती खूष असते. कोकणात हे सगळं आहे, पण वेळेवर नाही. चार महिन्यांत नको इतकं पाणी, मग आठ महिने कोरडं ऊन. म्हणून पोफळीची लागवड म्हणजे निम्मं काम पाणी काढून देण्याचं, निम्मं पाणी आणून देण्याचं आणि या दोन्हींच्या आधी सावली करण्याचं.

आधी खोडं काढली. पडलेल्या पोफळीचं खोड फुकट जात नाही. चिरून रिपा होतात, पन्हळी होतात, मांडवाला खांब होतात. खरा त्रास बुंध्यांचा. खोड कापून बुंधा जमिनीत तसाच ठेवणं सोपं असतं आणि बहुतेकांनी तेच केलं. पण कुजत्या बुंध्यावर गॅनोडर्मा नावाची अळंबी वाढते आणि मुळांवाटे शेजारच्या झाडात शिरते. झाडाची खालची पानं पिवळी पडून लोंबतात, बुंध्यातून तपकिरी चीक गळतो आणि शेवटी बुंध्याशी अळंबीची टोपी दिसते. टोपी दिसली तेव्हा झाड गेलेलंच असतं. आम्ही सगळे बुंधे मुळांसकट खणून काढले. दोन ठिकाणी अळंबी सापडली. तिथे भोवती ३० सेंमी रुंद आणि ६० सेंमी खोल चर मारला आणि त्या जागी पोफळ न लावता केळ लावली. चराशेजारच्या झाडांना वर्षाला दोन किलो निंबोळी पेंड देतो.

बियाणं विकत आणायचं नाही, हे ठरलेलं होतं. मंगळा, सुमंगळा, मोहितनगर या कर्नाटकातल्या विट्टलच्या संशोधन केंद्रातून आलेल्या जाती उत्पन्नाला चांगल्या. मंगळा तर मध्यम उंचीची असते आणि लवकर धरते. पण या पट्ट्यात सुपारीला भाव मिळतो तो रोठ्याच्या, म्हणजे इथल्या स्थानिक सुपारीच्या, मोठ्या आकाराला आणि आतल्या पांढऱ्या, मऊ गराला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'श्रीवर्धनी' ही जात या स्थानिक रोठ्यातूनच निवडलेली आहे. कर्नाटकच्या बाजारात पांढऱ्या सुपारीच्या एका प्रतीला 'श्रीवर्धन' म्हणतात, यावरून काय ते कळावं.

वाचलेल्या झाडांतून मातृवृक्ष निवडले: दरवर्षी न चुकता धरणारे, शेंड्यावर भरपूर पानं असलेले, पेरं जवळजवळ असलेले. पोफळीच्या एकाच पोयीत (फुलोऱ्यात) नर आणि मादी फुलं असतात. नर फुलं काड्यांच्या टोकांकडे, मादी बुडाशी. नर फुलं आधी संपतात, मादी नंतर उमलतात, त्यामुळे परागण बहुधा शेजारच्या झाडाकडून, वाऱ्याने होतं. म्हणजे आई पक्की माहीत असली तरी बापाची खात्री नाही. वाडीच्या कडेला शेजाऱ्याची दुसरी जात असेल तर त्या बाजूचं झाड बियाण्याला घेऊ नये.

फळं झाडावर पूर्ण पिकून केशरी झाल्यावर, मधल्या घडांतली, ३५ ग्रॅमच्या वरची घेतली. मग पाण्याची परीक्षा. बादलीत टाकल्यावर जे फळ देठाची टोपी वर करून उभं तरंगतं त्याचं रोप जोमदार येतं. आडवी तरंगणारी बाजूला काढली. उत्सुकतेपोटी त्यांतली काही वेगळ्या वाफ्यात लावून पाहिली. रुजली, पण रोपं हडकुळी राहिली.

यात सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे बी वाळवणं. धान्याच्या सवयीने माणसं फळं चार-आठ दिवस सावलीत पसरून ठेवतात. सुपारीचं बी वाळलं की मेलं. साल न काढता, अख्खं फळ, काढल्याबरोबर वाळूच्या वाफ्यात लावायचं. फळाफळांत पाच सेंमी अंतर, देठ वर, वरून जेमतेम झाकेल इतकीच वाळू. वर चुडतांचा (माडाच्या झापांचा) मांडव, निम्मं ऊन आत येईल असा. वाफा रोज शिंपायचा, पण त्यात पाणी उभं राहता कामा नये. फेब्रुवारी २०२१ मध्ये लावलेली फळं दीड महिन्यात फुटायला लागली. तीन महिन्यांत दोन-तीन पानं आल्यावर रोपं २५ बाय १५ सेंमीच्या पिशव्यांत हलवली. पिशवीत सात भाग वरची माती, तीन भाग कुजलेलं शेणखत आणि दोन भाग वाळू. बुडाला भोकं पाडली आहेत ना, हे प्रत्येक पिशवी उलटी करून पाहावं. पावसात पिशवीत पाणी तुंबून कोंब कुजलेली आमची सगळी रोपं बिनभोकाच्या पिशव्यांतली होती. उपटलेल्या रोपाला फळ चिकटलेलं असतं. ते तोडून टाकू नये, रोप बरेच दिवस त्यावर जगतं.

रोपं पिशवीत वाढत होती तेव्हा वाडीत केळी लावून घेतल्या. हा क्रम महत्त्वाचा. बहुतेक जण पोफळ आणि केळ एकाच पावसात लावतात. मग केळीची सावली पडायला लागेपर्यंत पोफळीचा पहिला उन्हाळा होऊन गेलेला असतो. आम्ही सप्टेंबर २०२१ मध्ये वेलची आणि राजेळी या जातींच्या केळींचे मुनवे (बुंध्याशी फुटणारे कोंब) लावले, पुढच्या जूनपर्यंत ते डोक्याच्या वर गेले. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बांधावर गिरिपुष्पाचे (ग्लिरिसिडियाचे) खुंट ठोकले. ते कुठेही फुटतात आणि त्यांचा पाला झाडाभोवतीच्या आळ्यात घालता येतो.

उन्हाने पोफळ कशी मरते हे एकदा नीट पाहिलं की सावलीबद्दल कोणी वाद घालत नाही. दुपारनंतरचं कलतं ऊन नैर्ऋत्येकडून खोडावर पडतं. हिरव्या खोडावर त्या बाजूला सोनेरी पिवळा डाग उठतो, तो तपकिरी होतो, मग साल उभी चिरते. चिरेत बुरशी आणि किडे शिरतात. झाड दोन-तीन वर्षं धरतही राहतं आणि एखाद्या साध्याशा वाऱ्याला बरोबर त्या चिरेपाशी मोडतं. मग लोक म्हणतात वाऱ्याने पडली. वादळानंतर माडांची आणि आंब्यांची सावली एका दिवसात उडाली आणि सावलीत वाढलेली खोडं उघडी पडली, ती अशीच गेली. त्या पहिल्याच उन्हाळ्यात खोडांना विऱ्या (पोफळीच्या पानांची रुंद बुडं) किंवा झावळ्या बांधायला हव्या होत्या, निदान चुना फासायला हवा होता. ते सुचेपर्यंत डाग उठले होते. डाग भरून येत नाही, वाढू न देणं एवढंच हातात राहतं.

ओळींची दिशाही याच हिशोबाने. शिफारस अशी की उत्तर-दक्षिण ओळ नेमकी उत्तरेला न नेता उत्तरेचं टोक ३५ अंश पश्चिमेकडे झुकवावं. कागदावर हे विचित्र वाटतं. पण चौकोनी मांडणीत असं केलं की प्रत्येक झाडाच्या नैर्ऋत्येला एक शेजारी उभा राहतो आणि दुपारनंतर त्याची सावली मागच्याच्या खोडावर पडते. होकायंत्र मोबाइलमध्ये असतंच, दोरी आखायला अर्धा दिवस जातो. फक्त कडेच्या ओळींना शेजारी नसतो, तिथे बांधावरची झाडंच उपयोगी पडतात.

झाडांमधलं अंतर २.७ मीटर बाय २.७ मीटर. या अंतराने हेक्टरी १,३७१ झाडं बसतात, वीस गुंठ्यांत २७५ च्या आसपास. आम्ही वाचलेले माड ठेवले, त्यामुळे खड्डे २१० झाले. जुन्या वाड्यांत पोफळी याहून दाट दिसतात, दोन-दोन मीटरवर. दाटीत झाडं उजेडासाठी उंच पळतात, खोड बारीक राहतं आणि वारा खेळत नसल्याने पावसात रोग वाढतो. ती दाटी वादळात आधी कोसळली.

खड्डा किती घ्यायचा ते जमिनीवर. खोल, निचऱ्याच्या जमिनीत तिन्ही बाजूंनी ९० सेंमी सांगतात. आमची किनाऱ्यालगतची पुळणवट (वाळूची) जमीन, पाण्याची पातळी वर, म्हणून ६० सेंमीच घेतले. पण खड्ड्यांआधी चर खणले आणि ते खड्ड्याच्या तळापेक्षा किमान १५ सेंमी खोल ठेवले. चराचा तळ खड्ड्याच्या वर राहिला तर जुलैत प्रत्येक खड्डा म्हणजे पाण्याची हंडी होते आणि रोपाची मुळं गुदमरतात. पानं पिवळी पडली म्हणून लोक युरिया टाकतात, वास्तविक हवं असतं ते पाणी काढणं.

रोपं निवडताना मोह आवरावा लागतो. लागवडीला रोप दीड वर्षाच्या आतबाहेरचं, निदान पाच पानांचं, बुटकं आणि बुंध्याशी जाड हवं. उंच, सडपातळ रोप पिशवीत रुबाबदार दिसतं, पण ते मांडवाखाली उजेडासाठी ताणलेलं असतं. दर पाचांतलं एक रोप आम्ही बाद केलं. ते करताना जिवावर येतं. पण पोफळ साठ वर्षं उभी राहते, त्यापुढे एका रोपाचं दुःख किती करायचं?

जून २०२२ च्या अखेरीस, पावसाची पहिली झोड उतरल्यावर लावणी केली. चिकण जमीन असेल तर मात्र ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत थांबावं. खड्डा माती, शेणखत आणि पाल्याने अर्ध्यावर भरून मधोमध रोप बसवायचं, माती मानेपर्यंतच, पायाने घट्ट दाबायची. रोप खड्ड्यात खोल बसलेलं आणि खड्डा अर्धा रिकामा, हे बरोबर आहे. खोड वर सरकतं तशी नवी मुळं बुंध्यातून फुटतात, तेव्हा दरवर्षी थोडी थोडी माती ओढून खड्डा भरत आणायचा. पहिल्याच दिवशी काठोकाठ भरला तर पुढे मुळं उघडी पडतात. उलट, कोंबात माती गेली तर रोप कुजतं. पहिल्या पावसात जोराच्या सरीनंतर फिरून कोंबातली माती बोटाने काढणं हे लहान मुलांनाही देता येईल असं काम आहे.

शिंपण्याचा काळ नोव्हेंबरपासून मेपर्यंत. मोठ्या झाडाला पाटाने पाणी देताना एका पाळीला साधारण १७५ लिटर लागतं. नोव्हेंबर-डिसेंबरात आठवड्याने, जानेवारी-फेब्रुवारीत सहा दिवसांनी, मार्चपासून तीन ते पाच दिवसांनी. ठिबकवर रोज १६ ते २० लिटरमध्ये भागतं. आमच्याकडे ठिबक आहे, पण एक गोष्ट सांगायला हवी. एकच तोटी बुंध्याशी टेकवून ठेवली तर पुळणीत पाणी सरळ खाली जातं आणि आळं कोरडंच राहतं. दोन तोट्या, बुंध्यापासून दीड-दोन फुटांवर, समोरासमोर. वर झावळ्यांचं आच्छादन जाड. किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिलनंतर मचूळ होतात. पानांची टोकं करपायला लागली की पंप जास्त वेळ चालवून विहीर तळापर्यंत उपसणं बंद करावं, थोडं थोडं दोन वेळा उपसावं.

खतांचं थोडक्यात. पूर्ण वाढलेल्या झाडाला वर्षाला १०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद, १४० ग्रॅम पालाश, शिवाय १२ किलो कंपोस्ट आणि १२ किलो हिरवा पाला. बाजारातल्या खतांत हे म्हणजे अंदाजे २२० ग्रॅम युरिया, २०० ग्रॅम रॉक फॉस्फेट, २३० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. पहिल्या वर्षी एक तृतीयांश, दुसऱ्या वर्षी दोन तृतीयांश, तिसऱ्यापासून पूर्ण. दोन हप्ते, मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. मुळं बहुतेक वरच्या दोन फुटांत असतात, म्हणून खोल खणून ती तोडू नयेत. जुलैत खत टाकणं म्हणजे समुद्राला खत घालणं.

रोगांत कोकणातला मोठा शत्रू कोळेरोग. 'कोळे' म्हणजे कानडीत कुजणं. शब्द तिकडून आला, जसा अडकित्त्यात कानडी 'अडिके' आहे. पाऊस लागल्यावर पंधरा-वीस दिवसांत कोवळ्या फळांवर टोपीजवळ ओलसर, काळपट हिरवे डाग पडतात, फळं चमक सोडून गळतात आणि पडलेल्या फळांवर पांढरी बुरशी येते. फायटोफ्थोरा ही त्याची बुरशी. म्हैसूर संस्थानात शास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या रोगाचा अभ्यास केला आणि तेव्हापासून बोर्डो मिश्रणच कामाला येतं.

मिश्रण साधं आहे, पण निम्मे लोक ते बिघडवतात. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे एक किलो मोरचूद (तांब्याचं निळं मीठ, कॉपर सल्फेट) ५० लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची. लोखंडी किंवा जस्ताच्या बादलीत मोरचूद घालू नये. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचं आणि सतत ढवळत राहायचं. चुना ताजा भाजलेला हवा. हवेत पडून विरलेली भुकटी वापरली तर ती निम्मी खडूच झालेली असते, मग मोकळं तांबं उरतं आणि पानं, कोवळी फळं भाजतात. म्हणून लोखंडी सुरी मिनिटभर मिश्रणात बुडवून पाहायची. तिच्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, तो जाईपर्यंत वाढवायचा. त्याच दिवशी वापरून संपवायचं, दुसऱ्या दिवशी त्याचा उपयोग नाही. स्टिकर (मिश्रण चिकटून राहावं म्हणून घालायचं द्रव्य) घातला नाही तर आपल्या पावसात सगळं धुऊन जातं. पहिली फवारणी मान्सून यायच्या अगदी आधी, दुसरी ४० ते ४५ दिवसांनी उघडीप बघून, पाऊस लांबला तर तिसरी. फवारणी घडांवर पोचली पाहिजे, खालून पानांवर तुषार उडवून समाधान मानू नये.

चढणारी माणसं कमी झाल्यामुळे दुसरी फवारणी हमखास राहते. ती राहणार हे दिसत असेल तर पहिल्या फवारणीनंतर घडांवर खालून उघड्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवाव्यात, पाणी घडाला लागलं नाही की रोग फारसा वाढत नाही. गळलेली फळं रोज गोळा करून जाळायची किंवा पुरायची. रोग शेंड्यात उतरला तर कोंब कुजतो आणि झाड जातं.

फळं उभी तडकणं हा रोग नव्हे. पाण्याची ओढ बसलेल्या झाडाला एकदम भरपूर पाणी मिळालं की आतला गर फुगतो आणि साल फाटते. शिंपण्याची पाळी न चुकवणं हाच उपाय. लिटरला दोन ग्रॅम बोरॅक्सची फवारणीही सांगतात. मुळं खाणाऱ्या हुमणी अळीचे भुंगेरे वळवाच्या सरींनंतर संध्याकाळी बाहेर पडतात, तेव्हा दिव्यापाशी आणि कडेच्या झाडांवर वेचून मारणं हे जुलैत आळं उकरून अळ्या शोधण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

जुन्या झाडांची काढणी डिसेंबरात सुरू होते आणि मार्चपर्यंत चालते. रोठ्याला फळ पूर्ण केशरी लागतं. हिरवट घड काढला तर गर आक्रसतो आणि सुपारीला सुरकुत्या पडतात. अख्खी फळं सारवलेल्या किंवा सिमेंटच्या खळ्यावर एका थरात पसरायची, आठवड्याने हलवायची. पुरी वाळायला ३५ ते ४० दिवस लागतात. जागा वाचवायला दोन-तीन थर घातले तर खालची फळं घाम धरतात आणि सोलल्यावर आत काळी निघतात. रात्रीचं दव आणि अवकाळी दोन्हींपासून झाकायला ताडपत्री हाताशी हवी, पण सकाळी ती उशिरा काढली तरी तोच घाम. कानाशी हलवून खुळखुळ ऐकू आली की सोलायला तयार. १०० किलो ओल्या फळांतून २० ते २५ किलो सोललेली सुपारी हाती येते. घाईच्या वर्षी फळं उभी दोन फाका करून वाळवता येतात. दहा दिवसांत गर सुटतो, मग तो पुन्हा वाळवायचा. पण पूजेच्या ताटातली सुपारी अख्खीच लागते आणि तिथेच भाव असतो. खाण्याच्या सुपारीबद्दल डॉक्टर जे सांगतात ते खरं आहे, त्यामुळे पूजेच्या बाजारावर आमची भिस्त जास्त.

नव्या लागवडीला चार पावसाळे झाले. २१० पैकी १९ खड्डे पुन्हा भरावे लागणार आहेत. त्यांतले ११ पश्चिमेच्या कडेच्या ओळीतले, जिथे गिरिपुष्पाचे खुंट गुरांनी खाल्ले होते. आता तिथे आधी कुंपण, मग खुंट, आणि रोपं पुढच्या जूनला. मधल्या ओळींत पानं एकमेकांना भिडायला लागली आहेत, म्हणून यंदा एकाआड एक केळ काढतो आहोत, सगळ्या एकदम नाही. खोडं मिरीचा वेल पेलण्याइतकी व्हायला अजून तीन-चार वर्षं आहेत. तेव्हा पन्नियूर जातीच्या मिरीची छाटं झाडाच्या ईशान्येला, बुंध्यापासून ७५ सेंमीवर लावायची, म्हणून त्या बाजूला ठिबकची नळी आताच थोडी लांब ठेवली आहे.